इंटरनेटचे बिनपगारी कार्यकर्ते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आज ज्या मंडळींविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या कामाशी तुमचा-आमचा दिवसातून दहा वेळा संबंध येतो. पण त्यांची ओळख कुणालाच नसते. वीज गेली की आपण वायरमनला शोधतो. नळाला पाणी आले नाही की पाणी सोडणाऱ्या माणसाच्या नावाने ओरडतो. इंटरनेट बंद पडले तर फार तर केबलवाल्याला फोन करतो आणि तो म्हणतो, ‘मागूनच बंद आहे.’ या ‘मागून’च्या मागे कोण असते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. तिथे असतात नेटवर्क ऑपरेटर. कंपन्यांची, विद्यापीठांची, बँकांची, सरकारी खात्यांची जाळी रात्रंदिवस चालती ठेवणारे इंजिनिअर. ही माणसे वर्षातून दोन-तीनदा एकत्र जमतात, त्यांच्या परिषदा भरतात, आणि त्या परिषदा भरवणारे बहुतेक लोक त्याबद्दल एक पैसाही घेत नाहीत. मी स्वतः याच धंद्यात आहे आणि अशा काही परिषदांत टेबले लावण्यापासून वायरी ओढण्यापर्यंतची कामे केली आहेत. तेव्हा हे बोलणे थोडे आतल्या माणसाचे आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

आधी हे पाहू की या लोकांना भेटावे तरी का लागते. ज्यांचा सगळा व्यवहारच संगणकावर चालतो, त्यांनी विमानाचे तिकीट काढून दुसऱ्या देशात चहा प्यायला का जावे?

त्याचे कारण इंटरनेटच्या रचनेत आहे. इंटरनेटला मालक नाही. रेल्वेला रेल्वे बोर्ड आहे, टपालाला टपाल खाते आहे. इंटरनेटला असे मुख्य कार्यालय नाही. जगभरात आज सुमारे पाऊण लाख स्वतंत्र जाळी आहेत. प्रत्येकाचा मालक वेगळा, देश वेगळा, कायदा वेगळा. ही जाळी एकमेकांना जोडलेली आहेत आणि प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्याला सतत सांगत असते, ‘अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर रस्ता माझ्याकडून आहे.’ शेजारी ते ऐकतो आणि आपल्या पुढच्या शेजाऱ्याला सांगतो. चौकाचौकांत लावलेल्या पाट्यांसारखे हे आहे. फरक एवढाच, की या पाट्या लावणारे बांधकाम खाते नाही. ज्याची त्याने आपली पाटी लावायची, आणि वाटसरूने त्यावर विश्वास ठेवून वळायचे.

आता कुणी चुकीची पाटी लावली तर काय होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २४ फेब्रुवारी २००८, रविवार. पाकिस्तान सरकारने यूट्यूब आपल्या देशात बंद करण्याचा आदेश दिला होता. त्यानुसार पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या जाळ्यात एक पाटी लावली, ‘यूट्यूबकडे जाणारा रस्ता इकडे’. म्हणजे लोक त्या रस्त्याने येतील आणि तिथेच अडतील. देशापुरते ते ठीक होते. पण ती पाटी देशाबाहेर, हाँगकाँगच्या एका मोठ्या कंपनीच्या जाळ्यात पोहोचली आणि तिथून जगभर पसरली. यूट्यूबची स्वतःची पाटी हजारभर पत्त्यांच्या गठ्ठ्याची होती. ही चुकीची पाटी त्यातल्याच २५६ पत्त्यांची होती. आणि नियम असा, की जास्त नेमकी पाटी दिसली की तीच खरी मानायची. एका पाटीवर ‘महाराष्ट्र’ लिहिले आहे आणि दुसरीवर ‘सातारा’, तर साताऱ्याला जाणारा दुसऱ्याच पाटीने जाणार. दोन तासांहून अधिक काळ जगातल्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले. पुढे यूट्यूबनेही तशाच नेमक्या पाट्या लावल्या, हाँगकाँगच्या कंपनीने ती वाट बंद केली, आणि गाडी रुळावर आली.

अशा वेळी एखाद्या इंजिनिअरने कुणाला फोन करायचा? ग्राहकसेवेच्या नंबरवर फोन केला तर ‘एक दाबा, दोन दाबा’ यातच अर्धा तास जाईल. हवा असतो तो समोरच्या जाळ्यात प्रत्यक्ष कळफलकावर हात असलेल्या माणसाचा नंबर. तोही असा, की रात्री अडीच वाजता झोपेतून उठवले तरी त्याने आपला आवाज ओळखावा आणि ‘आधी लेखी अर्ज पाठवा’ म्हणू नये. असे नंबर सरकारी राजपत्रात छापून येत नाहीत. ते कुठल्यातरी परिषदेत, जेवणाच्या रांगेत, हातात ताट घेऊन उभे असताना मिळतात.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. पॅकेट क्लिअरिंग हाऊस नावाच्या संस्थेने २०११ साली जाळ्या-जाळ्यांमधल्या जोडणीच्या करारांची पाहणी केली. तब्बल १ लाख ४२ हजार २१० करार तपासले. त्यातले लेखी किती निघाले? ६९८. अर्धा टक्कासुद्धा नाही. बाकीचे साडेनव्याण्णव टक्के करार तोंडी, हातावर हात मारून झालेले. २०१६ साली हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा करारांची संख्या एकोणीस लाखांच्या वर गेली होती आणि तोंडी करारांचे प्रमाण आणखी वाढून ९९.९३ टक्के झाले होते. आपल्याकडे भाड्याने खोली द्यायची तरी अकरा महिन्यांचा करार करून त्याची नोंदणी करतात; आणि इथे ज्यावरून जगाचे बँकव्यवहार चालतात, त्याचे शेजारसंबंध शब्दावर उभे आहेत. हा शब्द द्यायचा तर माणूस पाहिलेला असावा लागतो.

म्हणून या परिषदा. सुरुवात झाली युरोप-अमेरिकेत. १९८९ साली ॲमस्टरडॅममध्ये युरोपातले काही मोजके लोक जमले आणि ‘राइप’ची पहिली बैठक झाली. अमेरिकेत विद्यापीठांना जोडणारे सरकारी पैशावरचे जाळे होते. त्यातले प्रादेशिक तंत्रज्ञ अधूनमधून भेटत असत. ते सरकारी जाळे गुंडाळायचे ठरले आणि खासगी कंपन्या मैदानात आल्या. तेव्हा प्रश्न आला, की आता या सगळ्यांची गाठभेट घालणार कोण? त्यातून जून १९९४ मध्ये मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावी ‘नॅनॉग’ची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या ऑपरेटरांच्या गटाची, पहिली परिषद झाली. आशिया-पॅसिफिकची ‘ॲप्रिकॉट’ परिषद १९९६ साली सिंगापूरला सुरू झाली. राइप म्हणजे पिकलेले, ॲप्रिकॉट म्हणजे जर्दाळू. इंजिनिअर लोकांच्या विनोदबुद्धीला अशीच फळे लागतात. आफ्रिकेतल्या गटाची पहिली परिषद २००० साली केपटाऊनला झाली.

नॅनॉगची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण आपल्याकडच्या कुठल्याही मंडळात काम केलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. पहिली अनेक वर्षे परिषदेची व्यवस्था ‘मेरिट’ ही मिशिगनमधली संस्था पाहत होती. व्यवस्था चांगली होती. पण हळूहळू येणाऱ्या लोकांत कुरकुर सुरू झाली, की भाषणे आम्ही देतो, येतो आम्ही, मग कार्यक्रम कोण ठरवणार, यात आमचे मत कुठे? वाद झाले, लांबलचक चर्चा झाल्या. २००५ साली लिखित सनद तयार झाली आणि सुकाणू समितीची निवडणूक झाली. पुढे २०१० मध्ये सभासदांनी स्वतःची वेगळी संस्था काढली आणि २०११ मध्ये परिषदेचा सगळा कारभार मेरिटकडून तिच्याकडे आला. म्हणजे घटना, निवडणूक, नवी नोंदणी हे सगळे सोपस्कार झाले. आपल्याकडे एवढ्यात दोन मंडळे झाली असती, दोन मंडप पडले असते आणि एक दावा कोर्टात गेला असता. तिथे तसे झाले नाही, याचे श्रेय दोन्ही बाजूंनी चिडलेल्या असतानाही पुढच्या परिषदेची तारीख चुकू न देणाऱ्या कार्यकर्त्यांना जाते.

आता आपल्या भागाकडे येऊ. भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, भूतान, मालदीव या देशांतल्या इंजिनिअरांना अमेरिकेतल्या किंवा सिंगापूरच्या परिषदेला जाणे परवडणारे नव्हते. ज्या कंपनीत एकच माणूस सगळे जाळे सांभाळतो, त्याला मालक आठ दिवस परदेशी कसा सोडणार? शिवाय इथले प्रश्न वेगळे होते. त्या काळी एकाच शहरातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांनी एकमेकांना पाठवलेला मजकूर परदेशाची वारी करून परत येई, कारण दोन कंपन्या गावात एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. उपग्रहावरून जाणारा प्रत्येक फेरा म्हणजे छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तेवढेच खाली, आणि त्याचे भाडे डॉलरमध्ये. काठमांडूत २००२ साली इंटरनेट एक्स्चेंज उभे राहिले. एक्स्चेंज म्हणजे गावातल्या सगळ्या कंपन्यांनी आपापल्या वायरी आणून एकत्र जोडण्याची जागा. भारतात हेच काम करणारी ‘निक्सी’ ही संस्था २००३ साली स्थापन झाली आणि मुंबईतही तिचे केंद्र आले.

काठमांडूतल्या या एक्स्चेंजमागे जी तरुण मंडळी होती, त्यात गौरवराज उपाध्याय हे प्रमुख होते. त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या पुढाकाराने जानेवारी २००३ मध्ये काठमांडूतच ‘सॅनॉग’ची, म्हणजे दक्षिण आशियाई ऑपरेटरांच्या गटाची, पहिली परिषद भरली. मग वर्षातून दोनदा, वेगवेगळ्या शहरांत. कोलंबो, बंगळूर, ढाका, २००५ साली थिंफू, २००६ च्या जानेवारीत आपली मुंबई आणि त्याच वर्षी पुढे कराची. थिंफूचे मला विशेष वाटते. भूतानमध्ये इंटरनेट आले १९९९ साली. अवघ्या सहा वर्षांत तिथल्या मंडळींनी शेजारच्या देशांतल्या इंजिनिअरांना आपल्याकडे बोलावून परिषद घेतली.

परिषद म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि पाहुण्यांच्या परिचयाचा परिचय येतो. तो भाग इथेही थोडाफार असतो, मंत्री आले की लांबतो. पण सॅनॉगचे मुख्य अंग म्हणजे त्याआधी-नंतरच्या कार्यशाळा. दोन दिवस भाषणे, दोन दिवस शिकवण्या, आणि पाच दिवस कार्यशाळा. एका खोलीत तीस-चाळीस मुले, समोर राउटरांची चळत. प्रत्येक गटाने स्वतःला एक कंपनी मानायचे, शेजारच्या गटाशी जोडणी करायची, पाट्या लावायच्या, मुद्दाम चुकीच्या लावून पाहायच्या आणि काय कोसळते ते बघायचे. मघाशी सांगितलेला यूट्यूबसारखा प्रकार या खोलीत दिवसातून चारदा घडतो, फक्त जगाला त्याची झळ बसत नाही. शिकवणारे लोक स्वतः मोठमोठ्या जाळ्यांवर काम केलेले. ऑस्ट्रेलियातले फिलिप स्मिथ यांनी तर आशिया आणि पॅसिफिकमधल्या देशोदेशी वर्षानुवर्षे अशा कार्यशाळा घेतल्या. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातले नेटवर्क स्टार्टअप रिसोर्स सेंटर हे काम १९९० च्या दशकापासून करत आले आहे. शिकवणाऱ्यांना मानधनाची अपेक्षा नसते. राहण्याची सोय आणि वेळेवर जेवण एवढे मिळाले तरी ते खूश असतात.

आता हे सगळे जुळवून आणणाऱ्यांच्या कामाचे सांगतो, कारण खरा ऐवज तिथे आहे.

पहिले संकट तारखेचे. रमजान नको, दिवाळी नको, नेपाळचे दशैं नको, मार्चअखेर नको, आणि आशियातली दुसरी मोठी परिषद त्याच आठवड्यात नको. उरलेल्या दिवसांत पाऊस. मग व्हिसा. कराचीत परिषद असली की भारतीयांचा आणि मुंबईत असली की पाकिस्तानी मंडळींचा व्हिसा, हा एक स्वतंत्र विषय होतो. प्रत्येकाच्या नावाचे निमंत्रणपत्र, त्याची कंपनी, त्याचा पासपोर्ट, कुठे राहणार, कधी जाणार. एखादा कार्यकर्ता महिनाभर रात्री घरी बसून फक्त ही पत्रे तयार करत असतो. इतके करून काही जणांना व्हिसा मिळत नाही. ज्याने एवढी पत्रे लिहिली, त्याला ते फार लागते.

मग हॉटेल. मोठ्या हॉटेलचा हिशेब असा असतो, की सभागृह देतो, पण त्या बदल्यात अमुक इतक्या खोल्या तुम्ही भरून द्यायच्या. नाही भरल्या तर पैसे तुमच्याकडून. या कागदावर सही कोण करणार? नोंदलेली संस्था असली तर ती, नाहीतर कुणाची तरी कंपनी, आणि कधी कधी चक्क एखादा माणूस. परिषदेला किती लोक येतील हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही, कारण आपले लोक शेवटच्या आठवड्यातच नावे नोंदवतात. लग्नघरात मुलीच्या बापाचा जीव जसा पंगतीच्या आकड्यात अडकलेला असतो, तसा या सही करणाऱ्याचा जीव खोल्यांच्या आकड्यात अडकलेला असतो. जेवणाचेही तेच. शाकाहारी, जैन, हलाल, आणि परदेशी पाहुण्यांसाठी बिनतिखट. चार ठिकाणी चार पाट्या, आणि त्या पाट्या मात्र कुणी उलटसुलट लावलेल्या चालत नाहीत.

परिषदेतले इंटरनेट हा आणखी एक पेच. साध्या परिषदेत वायफाय मंद असले तर लोक कुरकुरतात आणि सोडून देतात. इथे समोर बसलेला प्रत्येक जण जाळे चालवणारा. दुसऱ्या मिनिटाला तो दोष कुठे आहे हे शोधून काढतो आणि तिसऱ्या मिनिटाला येऊन सांगतो. दिव्याखाली अंधार इथे खपत नाही. हॉटेलचे वायफाय दोनशे प्रवाशांच्या ईमेलपुरते असते. ते बाजूला ठेवून कार्यकर्ते स्वतःचे जाळे उभारतात. एखादी स्थानिक कंपनी फुकटात लाइन देते, कुणी राउटर उसने देते, आणि परिषदेच्या आदल्या रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जिन्याच्या कठड्याला टेपने वायरी चिकटवण्याचे काम चालते. एकदा आमच्या सामानाची पेटी विमानतळावर कस्टममध्ये अडकली. तिथल्या अधिकाऱ्याला हे पटेना, की एवढी यंत्रे कुणी विकायला न आणता फक्त शिकवायला आणि परत न्यायला आणतो. ‘यात तुमचा फायदा काय?’ हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. पेटी तिसऱ्या दिवशी सुटली. तोवर शहरातल्या तीन कंपन्यांनी आपल्या गोदामातले जुने राउटर आणून कार्यशाळा चालू ठेवली होती. यातल्या दोन कंपन्या बाजारात एकमेकींच्या कट्टर स्पर्धक होत्या.

पण सगळ्यांत अवघड काम कार्यक्रम समितीचे. परिषदेचा खर्च येतो प्रायोजकांकडून, म्हणजे बहुधा यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून. त्यांची इच्छा साहजिक असते, की आपला माणूस व्यासपीठावर चढावा आणि नव्या यंत्राचे गुण सांगावे. समितीचा नियम असतो, की व्यासपीठावर विक्री चालणार नाही. भाषणाचा मसुदा आधी पाहायचा, त्यातली जाहिरात काढायला सांगायची, आणि नाही काढली तर भाषण नाकारायचे. ज्याच्या पैशाने चहा येतो त्यालाच ‘तुमचे भाषण बसत नाही’ असे कळवायचे, तेही गोड शब्दांत. समितीतले लोक वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरी करणारे; उद्या कदाचित त्याच प्रायोजकाकडे नोकरी मागायला जायची वेळ येईल. तरी ते नकार देतात. माझ्या मते परिषदेचा कस इथे लागतो. जिथे समिती मऊ पडली, तिथे दोन-तीन वर्षांत चांगले इंजिनिअर यायचे बंद होतात आणि उरतात ते विकणारे. मग विकणारेही कमी होतात, कारण घेणारे कुणी उरलेले नसतात.

परिषदेत एक गमतीचा प्रकार असतो, तो सांगायलाच हवा. वेगवेगळ्या जाळ्यांचे लोक एकामागून एक उभे राहतात आणि मिनिटभरात स्वतःची ओळख देतात. आमचे जाळे अमुक नंबरचे, आम्ही अमुक शहरांत आहोत, आमच्याकडे इतके ग्राहक, तुमच्याशी जोडणी करायला आवडेल, मध्यंतरात मला भेटा. तुमच्या लक्षात आले असेल, हा वधू-वर परिचय मेळावाच आहे. अमेरिकेतल्या परिषदेत याला स्थळांच्या जाहिरातीवरूनच नाव पडले आहे. इथे जुळलेली स्थळे टिकतातही बरी, बहुधा दोन्हीकडच्या नातेवाइकांना त्यात बोलायला वाव नसतो म्हणून.

हे सगळे करणारे लोक कोण असतात? दिवसा नोकरी करणारे. आपल्याकडे अशा उद्योगाला लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात, आणि घरचे लोकही तेच म्हणतात. ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ ही म्हण मात्र यांना अर्धीच लागू पडते. पगार नाही आणि अधिकारही नाही. मग ते का करतात? मी अनेकांना विचारले आहे. बहुतेकांचे उत्तर एकच, की मला कुणीतरी असेच शिकवले होते. पुस्तके तेव्हा महाग होती, शिकवणारे कॉलेज नव्हते, कार्यशाळेतल्या पाच दिवसांवर पुढची नोकरी उभी राहिली. परतफेड म्हणावी तर ज्याने शिकवले त्याला पैशाची गरज नाही. मग पुढच्या मुलांना शिकवायचे.

पण इथे मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. या उत्तरावर किती काळ काम चालेल, याची मला काळजी वाटते. पूर्वी कंपनीचा मालक स्वतः इंजिनिअर असे. तो म्हणे, ‘जा, शिकून ये, चार लोक भेटतील.’ आता रजेचा अर्ज मनुष्यबळ विभागाकडे जातो आणि तिथून विचारणा येते, की यातून कंपनीला या तिमाहीत काय मिळेल? याला प्रामाणिक उत्तर ‘काही नाही’ असेच आहे. मिळते ते तीन वर्षांनी, एखाद्या रात्री अडीच वाजता, आणि ते ताळेबंदात कुठे लिहायचे हे कुणालाच माहीत नाही. दुसरी गोष्ट, समित्यांमधले चेहरे तेच ते राहतात. केस पांढरे झालेली मंडळी अजूनही नोंदणीचे कागद सांभाळताना दिसतात. यात नव्यांचा आळस आहे तसा जुन्यांचा हट्टही आहे. ‘मी केल्याशिवाय होत नाही’ हा कार्यकर्त्याचा जुना आजार. नॅनॉगने स्वतःची संस्था झाल्यावर पगारी माणसे ठेवली. हॉटेल, हिशेब, नोंदणी ही कामे त्यांच्याकडे दिली, आणि कार्यक्रम ठरवणे स्वयंसेवकांकडेच ठेवले. ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. माणसाची हौस कुठे खर्च करायची आणि पगार कुठे, हे ठरवले नाही, तर हौस आधी हॉटेलच्या बिलातच संपते.

२०२० साली करोनाची साथ आली आणि परिषदा पडद्यावर गेल्या. राइपची मे २०२० ची बैठक ऑनलाइन झाली, ॲप्रिकॉट २०२१ आणि २०२२ साली ऑनलाइन झाली. गंमत पाहा, ज्या महिन्यांत सारे जग घरी बसून इंटरनेटवर विसंबले होते आणि जाळ्यांवरचा भार एकाएकी वाढला होता, त्याच महिन्यांत ही जाळी सांभाळणाऱ्यांना एकमेकांना भेटता येत नव्हते. जुन्या ओळखींवर काम निभावले. भाषणे पडद्यावर उत्तम झाली, काही बाबतीत अधिक लोकांपर्यंत पोहोचली. विमानाचा खर्च नसल्याने लहान गावांतली मुलेही ऐकू शकली. पण मध्यंतर पडद्यावर होत नाही. भाषण संपले की पडदा काळा होतो, आणि शेजारी कोण बसला होता हे कळतच नाही. २०२३ मध्ये मनिलाला ॲप्रिकॉटसाठी मंडळी पुन्हा समोरासमोर आली.

दरम्यान आणखी एक बदल झाला आहे, आणि तो मला आशादायक वाटतो. बांगलादेश, भूतान, नेपाळ, श्रीलंका, आणि भारत या देशांत आता आपापले ऑपरेटर-गट उभे राहिले आहेत. बांगलादेशचा गट २०१४ पासून काम करतो आहे. देशातल्या देशात परिषद असली की व्हिसा नको, बसने किंवा रेल्वेने जाता येते, तालुक्याच्या गावात केबलचे जाळे चालवणाऱ्याला दोन दिवस दुकान बंद ठेवून येता येते. भाषेचा अडसरही कमी होतो. सभागृहात मात्र बायका अजून कमीच दिसतात. त्यासाठी प्रवासखर्चाच्या शिष्यवृत्त्या ठेवतात, पण ज्या कंपनीत रात्रपाळीच्या जाळे-कक्षात मुलीला घेतच नाहीत, तिथून अर्ज तरी कुठून येणार?

आपल्या महाराष्ट्रात लहान-मोठ्या गावांतून इंटरनेट देणारे शेकडो व्यावसायिक आहेत. त्यांपैकी कुणी हे ऐकत असतील, किंवा त्यांच्याकडे काम करणारी मुले ऐकत असतील, तर त्यांच्यासाठी एक माहिती देतो. या परिषदांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायला मोठ्या कंपनीत असावे लागत नाही. भाषण द्यायचे असेल तर फर्डे इंग्रजी लागत नाही. ‘आमच्या जाळ्यात अमुक बिघाड झाला, तो आम्ही असा शोधला’ एवढे वीस मिनिटांत नीट सांगता आले पाहिजे, आणि अशी भाषणे समितीला नेहमीच कमी पडतात. आणि काम करायची इच्छा असेल तर आयोजकांना तसे कळवायचे. पहिल्या वर्षी बहुधा नोंदणीच्या टेबलावर बसवतात. सकाळी साडेसातला हजर राहायचे, आलेल्या माणसाचे नाव यादीत शोधायचे, त्याच्या गळ्यात अडकवायचा बिल्ला द्यायचा. बिल्ल्यावर माणसाचे नाव, कंपनीचे नाव आणि जाळ्याचा नंबर असतो. दोन दिवसांत दोन-तीनशे बिल्ले हातातून जातात.